यादीच्या तळाशी फिकट राखाडी

वेल्ह्याकडचे किल्ले आणि धबधबे यांवर भरपूर लिहिलं गेलंय, ते तिकडेच वाचा. मी मार्चच्या उन्हात गेले ते प्रबंधासाठी. डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला आहे. विषय असा, की वेबसाइटवरच्या लांबलचक सरकारी याद्या लोकांना चटकन वाचता येतील अशा कशा मांडायच्या. अक्षराचा आकार, ओळींतलं अंतर, रकाने, हेच सगळं. मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "पुण्यात बसून अक्षरं मोजू नकोस, गावात जा." गेले.

चाचणीसाठी "घरकुल मंजूर लाभार्थी यादी" असं पान तयार केलं होतं, कारण ज्यात जीव अडकलेला असतो तेच माणूस लक्ष देऊन वाचतं. नावं बनावट वाटू नयेत म्हणून आणखी एक शहाणपणा केला. आधीच्या फेरीत पासलीच्या बुद्धविहारासमोरच्या देणगीदारांच्या फलकाचा फोटो काढला होता, त्यातलीच नावं उचलली. डोंगरात रेंजचा भरवसा नाही, म्हणून पान छापून नेलं.

स्वारगेटहून भोरला जायला सकाळची एसटी पकडा, बसायला जागा मिळते. भोरच्या स्टँडाजवळ मिसळ झकास, तर्री मात्र जपून. तिथे कॉलेजच्या पोरांपुढे यादी ठेवली, नाव सापडायला किती सेकंद लागतात ते मोजायला. एकजण म्हणाला, "मॅडम, आमी नुस्तं बोट सरकवतो, वाचतंय कोण?" मुक्काम भोरलाच केला. लॉज साधा, पण चादरी धुतलेल्या.

दुसऱ्या दिवशी नसरापूर फाट्यावरून वेल्ह्याची वडाप जीप, आणि तिथून पासलीची दुसरी. जीप भरल्याशिवाय हलत नाही, तेव्हा घाईत असाल तर जाऊ नका. पाणी बरोबर ठेवा, भाताची खाचरं या दिवसांत कोरडी ठाक असतात आणि सावली कुठेच नाही.

विहाराच्या कट्ट्यावर यमुनाबाई भेटल्या. साठीच्या, एकट्या. गेल्या पावसात घराची मागची भिंत बसली, तेव्हापासून जावेच्या ओसरीवर राहत होत्या. मोठेपणी रात्रीच्या वर्गात वाचायला शिकल्या होत्या आणि त्याचा त्यांना रास्त अभिमान होता. मी म्हटलं, "आमच्या वेबसाइटची चाचणी आहे. ओळखीचं एखादं नाव दिसतंय का बघा." त्यांचं नाव मी विचारलंसुद्धा नव्हतं.

नऊ सेकंदांत बोट थांबलं.

"हे बग, ही म्या हाय."

त्यांनी ते नाव पुन्हा एकदा मोठ्यानं वाचलं. आणि मी वहीत नऊ लिहीत होते, दिवसातला सगळ्यात चांगला आकडा म्हणून! त्यांनी विचारलं, "कागूद ठिवू का गं बाय?" मी म्हटलं, "ठेवा की," आणि पुढच्या माणसाकडे वळले. पानाच्या तळाशी "नमुना" असं लिहिलं होतं. सगळ्यात बारीक, फिकट राखाडी रंगात.

रात्री वेल्ह्यात राहिले. सकाळी तालुक्याच्या कार्यालयासमोर वडापाव खात परतीच्या जीपची वाट बघत होते, तर यमुनाबाई पायऱ्या चढताना दिसल्या. हातात प्लास्टिकच्या पिशवीत माझा कागद. वडापाव टाकून मागे धावले. खिडकीतल्या कारकुनाने कागद दोनदा उलटापालटा केला.

"मावशी, ही आमची न्हाई. आमची यादी इतकी स्वच्छ नसती."

रांगेतली माणसं हसली. मी पुढे होऊन म्हटलं, "ती मी केलीये."

यमुनाबाईंनी वळून बघितलं. "तू सरकारची न्हाईस व्हय?"

"नाही, मी शिकते. खाली नमुना लिहिलंय ना." आणि मी, निलाजरी, त्या शब्दावर बोटही ठेवलं.

त्यांनी कागद उजेडाकडे धरला, चष्मा वर सरकवला. अक्षर अक्षर लावत वाचलं. "न... मु... ना." मग म्हणाल्या, "एवडं बारीक का लिवलंस?"

मुख्य मजकुराला अडथळा होऊ नये म्हणून. हे वाक्य माझ्या प्रबंधात आहे.

"काल सांजच्याला जावंला सांगून टाकलं म्या," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तुजी वसरी तुला लखलाभ. लई बोलले गं. वर्साचं साठलेलं समदं बोलले. आता कंच्या तोंडानं जाऊ?"

मी जीपच्या भाड्याचे पैसे पुढे केले. त्यांनी घेतले नाहीत. कागद खिडकीवर ठेवला आणि उन्हातून चालत स्टँडकडे गेल्या. मी पायरीवरच उभी राहिले. मला स्वतःची लाज वाटली, अजून वाटते.

पुण्यात आल्यावर मॅडमना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तो शब्द वर घे, ठळक कर." केला. दहा मिनिटांचं काम. सादरीकरणात मांडणीचं कौतुक झालं, गुण चांगले पडले. माझं शिक्षण झालं ते दुसऱ्याच्या जिवावर, एवढंच प्रबंधात कुठे लिहिलेलं नाही.

तुम्हाला जायचं असेल तर जरूर जा. रस्ता चांगला आहे, जीप मिळते, सकाळी पुण्याहून निघालात तर दुपारी पासलीत पोचाल. यमुनाबाई आता ओसरीवर आहेत की आणखी कुठे, मला माहीत नाही. मी अजून परत गेलेले नाही.