अण्णासोंचं लाकडी जेवणघर

अण्णासोंनी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत तीस वर्षं लाकडाचे पॅटर्न बनवले. ओतकामात वस्तू आधी लाकडात घडवतात, तिचा ठसा वाळूत उठवतात आणि त्या पोकळीत लोखंडाचा रस ओततात. निवताना लोखंड आकसतं, म्हणून लाकडी नमुना मापापेक्षा केसभर मोठा ठेवायचा. हा केसभर म्हणजे नेमका किती, ते अण्णासोंना पट्टी न लावता कळायचं. नवीन इंजिनिअर पोरं हिशोब करत बसायची आणि शेवटी विचारायला त्यांच्याच बाकड्यापाशी यायची.

२००३ साली ते निवृत्त झाले. फौंड्रीत ॲल्युमिनियमचे नमुने आले होते, तेव्हा मालकांनी जुन्या लाकडी नमुन्यांचा ढीग त्यांनाच देऊन टाकला. टेम्पो कोल्हापुरात कदमवाडीतल्या घरासमोर रिकामा झाला तशा त्यांच्या पत्नी झुंबरबाई कमरेवर हात ठेवून बाहेर आल्या.

"आवो, एवढं सरपण कशाला आनलासा? घरात ग्यास हाय की!"

"सरपण न्हवं गं, सागवान हाय! तीस वर्सं वाळलेलं!"

या सागवानाचं काय करायचं, ते न्हाव्याच्या दुकानात ठरलं. तिथल्या एका जुन्या मासिकात कुणाच्या तरी जेवणघराचा फोटो होता. लाकडी जमीन, लांबलचक टेबल, वर टांगलेला एकच दिवा आणि मधोमध थाळीत तीन नासपाती. अर्धी दाढी झालेली असताना अण्णासोंनी ते पान मागून घेतलं आणि खिशात घातलं.

झुंबरबाईंनी फोटो जवळून, लांबून, तिरका करून बघितला. "जेवणाची खोली म्हनं! तीन फळं ठेवल्यात. ह्यांच्यात जेवतंय कोन?"

पण अण्णासो पेटले होते. चार महिने त्यांनी नमुन्यांचे खिळे उपसले, रंग खरवडला, पट्ट्या कापल्या. एका खोलीच्या जमिनीवर मधोमध सागवान, माशाच्या काट्यासारखं तिरपं बसवलेलं. कडेनं फणसाच्या लाकडाची पिवळीधमक किनार. जमिनीवर ओरखडे पडू नयेत म्हणून जुन्या टेबलाच्या पायांना नमद्याचे मऊ तुकडे डकवले, दिवा टांगला, जमिनीला तीनदा अळशीचं तेल पाजलं. पट्ट्या चारी भिंतींना अशा घट्ट भिडवल्या की पोस्टकार्ड आत जाऊ नये. मुलगी संघप्रिया हायस्कुलात गणित शिकवायची. शाळेतून आली की पदर खोचून तीही हाताशी बसायची. पटाशी कशी धरायची, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

जमीन झाली आणि कायदे सुरू झाले. आत पाणी न्यायचं नाही. गरम भांडं टेकवायचं नाही. पुसायचं तर पिळून पिळून कोरड्या केलेल्या फडक्यानं.

"आन् जेवायचं कुठं?" झुंबरबाईंनी विचारलं.

तर जेवायचं स्वयंपाकघरात, पाटावर. तीन महिने तिघंही तिथंच जेवली. जेवण झालं की अण्णासो बडीशेप चघळत जेवणघराच्या उंबऱ्यापर्यंत यायचे आणि जमीन बघून परत जायचे.

अशात संघप्रियाला स्थळ आलं. इचलकरंजीचे आकाराम, त्यांचे आठ माग होते. त्यांचा मुलगा संग्राम कोल्हापूरच्या पॉलिटेक्निकात शिकवायचा. रविवारी दुपारी जेवायलाच यायचं ठरलं आणि जेवण अर्थातच नव्या जेवणघरात. पण त्याच आठवड्यात सांगलीच्या एका ओळखीच्या कारखानदारानं अण्णासोंना चार दिवस सल्ल्याला बोलावून घेतलं.

शनिवारी संध्याकाळी परत आले तर जमीन लखलखत होती.

"बघ झुंबर, तेल कसं मुरलंय! काय उजाळा आलाय!"

झुंबरबाई लगबगीनं स्वयंपाकघरात गेल्या. जमीन चालताना कुरकुरली. दाराजवळ तर पोळीसारखी टम्म फुगल्यागत वाटली. दारही जरा घासत होतं. चष्म्याचा नंबर वाढला असणार, असं म्हणून अण्णासो झोपले.

रविवारी पाहुणे आले. जय भीम झाला, पाणी झालं, मंडळी जेवणघरात शिरली. आकारामांनी जमिनीवर पाय आपटून बघितला. त्यांच्या पत्नी बनाबाई टेबलाकडे बघून, "खालीच बसाय बरं वाटलं असतं," म्हणाल्या. अण्णासोंना ते ऐकू आलं नाही. ते लाकडाचे गुण सांगण्यात रंगले होते.

"पावणं, लाकडाच्या खोलीत आवाज कसा मुरतो बघा. मी भाईर जातो, दार लावतो. तुमी आत बोला. भाईर शबूद ऐकू येतोय का सांगतो!"

दार अडलं. अण्णासोंनी दोन्ही हातांनी कडी धरून हिसका दिला. दार कर्रर्र करत त्या फुगवट्यावरून घसरलं आणि धाडदिशी लागलं.

आतून कायतरी बोलल्याचं पुसट ऐकू आलं. "झ्याक!" म्हणून अण्णासोंनी दार ढकललं. दार हललं नाही. खांदा लावला. आतून संग्रामनं ओढलं. दाराची कडीच हातात आली.

अण्णासो घराला वळसा घालून खिडकीशी धावले. खिडकीला गज. गजाच्या पलीकडे तीन पाहुणे आणि नव्या साडीतली संघप्रिया. मागून झुंबरबाई पदराला हात पुसत आल्या.

"खरं सांग झुंबर, हितं पाणी वतलंस का?"

"पावणं येनार म्हनून जरा धुतली."

"जरा म्हंजे?"

"रोज दोन बादल्या. सोडा घालून."

अण्णासोंनी कपाळाला हात लावला. पण बायकोवर ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. घाम सुटला तो वेगळ्याच कारणानं. लोखंड आकसतं म्हणून जन्मभर जगाला शिकवलं. पण लाकूड फुगतं म्हणून भिंतीकडेला बोटभर फट ठेवायची, हे साफ विसरून गेलेलं! पावसाळ्यात झुंबरबाईंच्या बादलीशिवायही हेच झालं असतं.

"बाबा," आतून संघप्रिया म्हणाली, "किनारीची पट्टी काढली तर जमीन बसंल का खाली?"

"बसंल! पटाशी देतो!"

गजातून पटाशी गेली, हातोडी गेली. संघप्रियानं पदर खोचला, गुडघ्यावर बसली आणि पहिला घाव घातला. संग्राम शेजारी बसून पट्टी उचलून धरायला लागला. पाहुण्यांना भूक लागली असणार म्हणून झुंबरबाईंनी गजातून भाकऱ्या दिल्या. वाट्या जाईनात, मग पांढरा रस्सा फुलपात्रातून दिला. आकाराम खिडकीशी उभे राहून चहासारखा भुरकू लागले. "अजून वाईच घाला," म्हणाले.

ठोकता ठोकता संघप्रिया हळूच म्हणाली, "लग्नानंतर मी नोकरी सोडणार नाही. रोज कोल्हापूरला येणार."

अण्णासो गजाशी थिजले. ते काही बोलणार, तोवर संग्राम म्हणाला, "यष्टी पावणेआठला असती. मीबी त्याच गाडीनं येतो. ही पट्टी जरा डावीकडं वढा."

बनाबाई म्हणाल्या, "मी जन्मभर मागावर काम केलं, बाई. घरी बसून काय करनार हाईस?"

शेवटची पट्टी निघाली. सगळी जमीन एकदम 'धप्प' करून खाली बसली. टेबल हादरलं, दिवा झुलला आणि दार आपोआप उघडलं.

टेबल तसंच कडेला सरकवून सगळी लाकडावर मांडी घालून बसली. पहिल्याच पंगतीत आकारामांच्या वाटीतला तांबडा रस्सा सागवानावर सांडला. अण्णासो फडकं आणायला अर्धे उठले.

"बसा वो, व्याही," बनाबाई म्हणाल्या.

'व्याही' ऐकून अण्णासो मटकन खाली बसले. झुंबरबाईंकडे बघितलं तर त्या तोंडाला पदर लावून हसत होत्या. मग अण्णासोंनीही भाकरी चुरली आणि रस्सा मागितला.

पुढच्या मे महिन्यात इचलकरंजीत लग्न झालं. मांडवात आकारामांनी अण्णासोंना बाजूला घेतलं. नवं घर बांधायला काढलंय, म्हणाले, जेवणघराला काय घालावं?

"फरशी," अण्णासो म्हणाले. "डोळं झाकून फरशी घाला, पावणं."