एक कान गाड्यांना, एक कान गाण्याला

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. नाहीतर सांगता सांगता मला लाज वाटेल आणि किस्सा अर्ध्यावरच राहील. वर्गात हजेरी देतानाही मी इतकी हळू बोलते, की बाईंना माझं नाव दोनदा घ्यावं लागतं. अशी मी, तोंडही न उघडता, निम्म्या गावाला शब्द देऊन बसले!

आमचं घर कोरेगावच्या बाहेर, मळ्यात. शाळा तीन किलोमीटरवर, रोजची सायकल. गाणी ऐकत जावं, एवढीच माझी हौस. महिनाभर पप्पांच्या मागे लागले, तेव्हा कुठे ते मला साताऱ्याच्या दुकानात घेऊन गेले. तेही अट घालून.

"रस्त्यात कुणी हाक मारली आणि तू ओ दिली नाहीस, अशी एक जरी तक्रार आली, तर हेडफोन कपाटात. कायमचे."

ही अट साधी नाही बरं का! आमच्याकडे ओळखीच्या माणसासमोरून न बोलता जाणं म्हणजे घरच्यांची मान खाली घालणं.

दुकानात मी फार अभ्यास केला. कान झाकणारे मोठे हेडफोन घालून पाहिले, तर पप्पा म्हणाले, "रोडरोलर चालवणार आहेस का?" ते छोटे, बिनवायरचे? आमच्या रस्त्यावर पहिल्या खड्ड्यात एक पडला असता आणि दुसऱ्या खड्ड्यात दुसरा. शेवटी गळ्यात अडकवायचा नेकबँड घेतला.

आणि मग माझी अक्कल चालली. मागच्या गाड्या पुढे जातात उजव्या बाजूनं. म्हणजे उजवा कान मोकळा ठेवायचा आणि गाणं फक्त डाव्या कानात! दुकानदारसुद्धा म्हणाला, "हुशार आहे हो मुलगी."

हुशार मुलीच्या एकच गोष्ट लक्षात आली नाही. गाड्या उजवीकडून जातात, पण माणसं कुठे बसतात? डावीकडे! शाळेला जाताना सगळे ओटे, सगळी अंगणं, चहाची टपरी, सगळं डावीकडे.

सोमवारी निघाले. उजव्या कानात वारा आणि ट्रॅक्टर, डाव्या कानात गाणं. डावीकडे कुणाचे ओठ हलले, की मी हसून मान हलवायची. "निघालीस का शाळेला?" याशिवाय आमच्या रस्त्यावर कुणी काय विचारणार? त्यातून गाणं ठेक्याचं, त्यामुळे मान जरा जास्तच हलत होती.

संध्याकाळी शेजारच्या मळ्यातल्या शेवंताकाकू दारात! हातात वाटीभर खरवस.

"आवं वैनी, पोर लय गुणाची हाय तुमची! रविवारी आमच्या सुनंचं डोहाळजेवण. सकाळी हिला म्हटलं, गाणं म्हणशील का? एकदा न्हाई, धा येळा मान हलवली!"

आईच्या हातातली वाटी तिरपी झाली. "आमची? गाणं? अहो, पाहुणे आले की ही कोठीच्या मागं लपते!"

पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. "तुला नीट ऐकू आलं होतं ना?"

काय सांगणार? नाही म्हटलं की कपाट. मी म्हणाले, "हो."

काकू वळल्या नाहीत, तोवर वस्तीवरचे तात्या आले. "चार दिस आटपाडीला चाललोय लेकीकडं. कोंबड्यांची चिंता मिटली बघा. पोरगी दाणं टाकती म्हणली!"

लांबून कोंबडा दिसला तरी मी रस्ता बदलते. पण पप्पा बघत होते. पुन्हा "हो."

पुढच्या चार सकाळी मी कोंबड्यांना दाणे टाकले, की कोंबड्यानं मला अंगणभर पळवलं, हे तुम्हीच ठरवा.

आणि मग रविवार! हिरव्या साडीतल्या वहिनी फुलांच्या झोपाळ्यावर, समोर तीस-चाळीस बायका. काकूंनी मला पुढे ढकललं. डोळ्यांसमोर कपाट आलं. मग पुन्हा त्या चाळीस बायका दिसल्या. त्यापेक्षा कपाट बरं वाटलं.

"काकू," आयुष्यात पहिल्यांदा मी मोठ्यानं बोलले, "मला त्या दिवशी ऐकूच आलं नव्हतं! मी नुसतीच मान हलवली!"

मला वाटलं, आता रागावतील. पण काकूंनी तोंडाला पदर लावला.

"अगं बया! ऐकू येत न्हाई? कवापासनं गं?"

"तसं नाही, फक्त डाव्या कानानं..."

"डावा कान गेला व्हय!"

"तरीच गळ्यात ते मशीन घालती," मागून एक आजी म्हणाल्या. "आन् कुणाला कळू दिलं न्हाई. सोशीक लेकरू!"

"लसणाचं तेल घाला रोज, कोमट करून!"

मी परोपरीनं समजावत होते. पण माझा आवाज तो किती! पहिलं वाक्य संपायच्या आत माझ्या तोंडात लाडू होता.

घरी येऊन पप्पांना सगळं खरं सांगितलं. ते हसून हसून पलंगावर आडवे झाले. मी नेकबँड काढून त्यांच्यापुढे ठेवला.

"अगं, पण तक्रार कुठं आलीय?" डोळे पुसत पप्पा म्हणाले. "सगळे तुझं कौतुकच करतायत. अट म्हणजे अट. घाल बिनधास्त."

म्हणजे जिंकलेच की मी! आता रोज ऐटीत नेकबँड घालून निघते. आणि डावीकडचं अख्खं गाव माझ्यासाठी घसा ताणतं. "पोरीईई! निघालीस का गं शाळंलाआऽऽ!" तात्या तर तोंडाशी दोन्ही हात धरून रस्त्याच्या कडेपर्यंत पळत येतात.

पंधरा दिवस झाले. डाव्या कानात गाणं रोज वाजतं. कुठलं वाजतं, ते मात्र मला अजून एकदाही ऐकू आलेलं नाही.