साडूभाऊंचं सोवळं

आमच्या थोरल्या साडूंनी जन्मात जितक्या वेळा हात धुतले, तितक्या वेळा पुणे जिल्ह्यात दुसऱ्या कुणी धुतले नसतील. एखादी गोष्ट मनात आली की ते हात धुऊन तिच्या मागे लागत, आणि हे मी अगदी शब्दशः सांगतो आहे. आधी हात धूत, मग मागे लागत. जेवणाआधी तीनदा साबण, तोही नखांत जुना दातांचा ब्रश घालून. माझ्या मेहुण्याच्या लग्नात नारायणगावच्या कार्यालयात ते पंगतीतून उठून नळावर गेले आणि परत आले तेव्हा पानावर ताक वाढून झालं होतं. नळापाशी खोळंबलेल्या वऱ्हाडातल्या एकाने विचारलं, "पावणं, हात धुताय का कातडी काढताय?" साडूभाऊंनी त्यालाही ब्रश देऊ केला.

पुण्याकडच्या एका बॅटरीच्या कारखान्यात त्यांनी उमेदीची वर्षं काढली होती. तिथे शिशाची पावडर पिंपांतून येई, काही करडी, काही केशरी, आणि तिच्यापासून बॅटरीच्या प्लेटा बनत. लोक निवृत्तीला भिंतीवरचं घड्याळ घेऊन येतात. हे एकोणीसशे नव्वदच्या सुमारास निमगाव सावाकडच्या आपल्या वाडीत परतले ते कारखान्याच्या भिंतीवरचा एक कागद घेऊन. त्यावर पावडर हाताळताना घ्यायच्या काळजीचे नियम छापलेले होते. तो त्यांनी प्लॅस्टिकमध्ये घालून देवघरात खंडोबाच्या टाकाशेजारी लावला, आणि दसऱ्याला त्यालाही झेंडूची माळ पडू लागली. घरात आता पावडर नव्हती, पण नियम होते. कोरडा केर काढायचा नाही, आधी पाणी शिंपडायचं. कामाचे कपडे उंबऱ्याच्या आत आणायचे नाहीत. मी टोमॅटोच्या क्रेटांबरोबर जीपमधून धूळ खात त्यांच्याकडे पोचलो की ओट्यावरच सगळ्या आळीच्या साक्षीने लुंगीत यावं लागे. पाहुण्याचा मान म्हणतात तो मी त्या घरात कायम अर्ध्या कपड्यांत घेतला. माझी बायको म्हणायची, दाजींचं डोकं कारखान्यातच राहिलंय. गिरणीत दळण टाकायला जाताना ते तोंडाला उपरणं बांधत, तेव्हा एका नव्या कुत्र्याने त्यांना चोर समजून थेट वेशीपर्यंत पोचवलं होतं.

मी एकदा वैतागून विचारलं की एवढं घाबरण्यासारखं त्या पावडरीत आहे तरी काय. त्यांनी सांगितलं की पावडर कालवण्याच्या खात्यात त्यांचा एक जोडीदार होता, गडी पैलवान. एके दिवशी चहाचा कप त्याच्या हातातून पडला, आणि मग मनगट जे लोंबलं ते पुन्हा उचललंच नाही. "ती चावत न्हाई, भाजत न्हाई, तिला वास न्हाई," साडूभाऊ म्हणाले. "म्हनून तर ती लई वाईट." एवढं बोलून ते हात धुवायला गेले.

वाडीशी त्यांचं फक्त एकाच बाबतीत वाकडं होतं, आणि तो मामला साक्षात मारुतीचा होता. मारुतीला चढतो तो शेंदूर आणि कारखान्यातली केशरी पावडर एकच, हे त्यांनी पहिल्याच शनिवारी ओळखलं. तेव्हापासून ते मारुतीला दहा हातांवरून नमस्कार करत आणि कपाळी टिळा लावायला कुणी आलं की मागे सरत. लोकांनी त्यांना नास्तिक ठरवलं. मारुतीचा गुरव तर त्यांचा लहानपणापासूनचा दोस्त. तो उघड्या हाताने शेंदूर तेलात कालवायचा, भाविकांसाठी कोरड्या शेंदराच्या पुड्या बांधायचा, कागद सुटा करायला वर फुंकर मारायचा, आणि त्याच केशरी तळव्यावर तंबाखू मळून दाढेला धरायचा. साडूभाऊ दर शनिवारी त्याला कागदावरचा एक नियम ऐकवत. गुरव ऐकून घेई, मळलेली तंबाखू पुढे करी आणि म्हणे, "भाऊ, तुमची ती पावडर व्हती. ह्यो द्येवाचा शेंदूर हाय." साडूभाऊ तंबाखू न घेता नळाकडे वळत.

आणि मग एका शनिवारी, मी तिथे असताना, आरती चालू असताना गुरवाच्या हातातलं तबक कलंडलं. निरांजन घरंगळत नंदादीपापाशी गेलं. गुरव ओशाळून हसला, म्हणाला, वारं भरलंय हातात, पोटही महिनाभर धड न्हाई. त्याने हात वर करून दाखवला तर पंजा मनगटातून खाली लोंबत होता. लोक आरती पुढे म्हणू लागले. साडूभाऊंचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्या संध्याकाळी त्यांनी कागद देवघरातून काढून देवळात नेला आणि चार शहाण्या माणसांसमोर मोठ्याने वाचला. शहाण्यांनी पोट धरधरून हसून घेतलं. गुरव मात्र हसला नाही. त्याची भीती वेगळी होती. हात गेला म्हणून शेंदूर लावायचं थांबलं तर पूजा भावकीकडे जाणार, आणि एकदा गेलेली पूजा त्याच्याकडे परत यायची नव्हती. हातापेक्षा त्याला मारुती जास्त प्यारा होता. हे कळल्यावर साडूभाऊ कागद घडी करून घरी गेले.

पुढच्या शनिवारी ते ओल्या अंगाने देवळात आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मारुती सपनात आला व्हता."

जो माणूस जन्मात मेहुण्याला खुश करण्यापुरतंही खोटं बोलला नव्हता, तो आता देवाच्या नावाने बोलत होता, आणि त्याचे कान टोमॅटोसारखे लाल झाले होते. मारुतीला म्हणे हल्लीचं सोवळं पसंत नव्हतं. शेंदराला हात लावण्याआधी आणि नंतर आंघोळ हवी. त्या कामाचं धोतर वेगळं, ते देवळाबाहेर न्यायचं नाही. तोंडाला फडकं, कारण माणसाचा श्वास देवाला लागू नये. तोंडात तंबाखू अजिबात नको. कोरड्या शेंदराच्या पुड्या बंद. गाभाऱ्यात केरसुणी फिरवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायचं. मी तो कागद माळेसकट इतक्या वेळा पाहिला होता की प्रत्येक पुढचा नियम मला आधीच ठाऊक होता. मग आलं, जेवणाआधी तीनदा साबण. एका म्हाताऱ्याने शंका काढली की मारुती साबण म्हणाला का. साडूभाऊंचे कान आणखी लाल झाले. "साबन म्हनला," ते म्हणाले. "कोनता, ते न्हाई म्हनला."

कागद वाचल्यावर हसलेले तेच चार शहाणे आता हात जोडून उभे होते. त्यांचा तो भाव बघून साडूभाऊंना जोर चढला. मारुतीने गुरवाला पुण्याला नेऊन रक्त तपासून आणायलाही सांगितलं होतं, रिपोर्टसकट. आणि गुरवाचा हात बरा होईपर्यंत सेवा कुणी करायची, तर देवाने नेमकं साडूभाऊंचंच नाव घेतलं होतं. म्हणजे पूजा भावकीकडे जायचा प्रश्नच उरला नाही.

डॉक्टरांनी रक्तात शिसंच सांगितलं. औषध झालं, पण मुख्य म्हणजे शेंदरापासून लांब राहायचं होतं. आणि त्या सगळ्या दिवसांत, शेंदराकडे दहा हातांवरून बघणाऱ्या माझ्या साडूंनी दर शनिवारी तोंडाला उपरणं बांधून, हातात रबरी मोजे चढवून मारुतीला शेंदूर लावला. मोजे कशाला, असं कुणी विचारलं तर म्हणत, सोवळ्यातले आहेत. मोजे काढल्यावरही ते हात तीनदा धूत, हे मी जवळून पाहिलं आहे. त्यांना खरंच फार भीती वाटायची. वर्षभराने गुरवाने दोन्ही हातांनी आरतीचं तबक पेललं, तेव्हा साडूभाऊ देवळामागच्या नळावर होते.

नंतर काही वर्षांनी झोपेतच ते गेले. दहाव्यानंतरच्या शनिवारी मी देवळात गेलो. गुरव तोंडाला फडकं बांधून मुकाट्याने शेंदूर लावत होता. आंघोळ करून, धोतर बदलून बाहेर आल्यावर तो माझ्याशेजारी पायरीवर टेकला. मला राहवलं नाही. म्हटलं, ते स्वप्न तुम्हाला खरं वाटलं होतं का?

"मारुती कवा साबन सांगतोय व्हय?" तो म्हणाला. "खोटं बोलताना भाऊचं कान लाल व्हत्यात, साळंपासून ठाव हाय मला. पर जल्मात खोटं न बोललेला मानूस माझ्या हातापायी द्येवासमोर खोटं बोलला. त्याला न्हाई कसं म्हनू?"

त्याने हात वर करून मनगट एकदा वरखाली हलवून दाखवलं. मग जेवायची वेळ झाली म्हणून तो नळावर गेला, आणि नखांतून ब्रश फिरवू लागला. ब्रश साडूभाऊंचा होता. मला त्यांची इतकी आठवण आली की काही सुचेना. गुरवाचं झाल्यावर मीही नळाखाली हात धरले. माझ्या हातांना काहीच लागलेलं नव्हतं, तरी मी ते तीनदा धुतले.