डक्टमधलं घुबड

अंबरनाथच्या आमच्या बिल्डिंगमधल्या शिकलेल्या माणसांचं मला कधीच कौतुक नव्हतं. अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वद साल असेल. सोसायटीचे सेक्रेटरी आमच्या वरच्या मजल्यावर राहत, कारखान्यात इंजिनिअर. दाराला लिंबू-मिरची आणि तोंडात कायम विज्ञान. आमच्या बाथरूमच्या खिडकीबाहेर, डक्टच्या भिंतीतल्या एका भोकात पांढऱ्या घुबडाने पिल्लं काढली, तेव्हा या विज्ञानाला घाम फुटला.

एरवी त्या डक्टकडे कुणी ढुंकून पाहत नसे. वरून केसांचे गुंतवळ पडायचे, खाली उंदीर माजलेले, मधे गळके पाइप. घुबड आल्यापासून उंदीर कमी झाले होते. पण मीटिंग भरली ती घुबडावर.

"माझा पर्सनली विश्वास नाही," सेक्रेटरी म्हणाले, "पण लेडीज लोकांना अशुभ वाटतं."

लेडीज लोक म्हणजे त्यांची बायको. ती शेजारीच बसून मटार सोलत होती आणि तिला घुबडाची काही पडलेली दिसत नव्हती.

माझे वडील उठले. आम्ही बौद्ध. आजोबांनी छप्पन्न साली देव्हारा काढला तेव्हा शकुन-अपशकुनही घराबाहेर गेले, असं वडील मानत. "पक्षी आहे साहेब. पिल्लं उडाली की जाईल. आमच्या खिडकीत आहे, आम्हाला त्रास नाही."

"तुमच्यात चालत असेल," सेक्रेटरी म्हणाले.

त्या 'तुमच्यात'मध्ये काय काय होतं ते सगळ्यांना कळलं. वडील एवढंच म्हणाले, "त्याला कुणी हात लावला तर माझ्याशी गाठ आहे." मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. हा किस्सा मी तिखटमीठ लावून सांगायचे, आणि सेक्रेटरींची नक्कल अशी करायचे की मैत्रिणी हसून लोळायच्या.

ताई बाळंतपणाला आमच्याकडे आली होती. एका दुपारी दिवस भरायच्या आधीच तिच्या पोटात दुखायला लागलं, अंगावरून जाऊ लागलं. आईवडील तिला उल्हासनगरच्या दवाखान्यात घेऊन गेले. मूल आडवं आहे, असा संध्याकाळी निरोप आला. घरात मी एकटी.

मला कुणी काही सुचवलं नव्हतं, हे सांगायलाच हवं. दिवेलागणीला घुबडीण शिकारीला बाहेर पडली. मी स्टूल घेतलं, गोणपाटाचा बोळा केला आणि भोकात गच्च कोंबला. पिल्लं आत आहेत हे मला माहीत होतं.

दोन दिवस आतून फिसफिस येत राहिली. मी बाथरूममध्ये गेले की आधी नळ सोडायचे.

तिसऱ्या दिवशी वडील घरी आले. मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या. मुलगी म्हणून बर्फी नाही, मुद्दाम पेढे आणले होते. ते हातपाय धुवायला गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले तेव्हा हातात वर्तमानपत्राची पुडी होती. त्यात दोन पिल्लं.

ते तसेच वर गेले. मी मागोमाग. जिन्यात सगळी बिल्डिंग जमली.

"इंजिनिअर म्हणवता?" वडिलांनी पुडी त्यांच्यासमोर उघडून धरली. "लाज नाही वाटली?"

"देवाशप्पथ, मी हातसुद्धा लावलेला नाही," सेक्रेटरी म्हणाले. मी ज्यांची इतकी टर उडवली होती, ते माझ्यासमोर खरं बोलत होते.

वडील माझ्याकडे वळले. "घरी तूच होतीस. कोण आलं होतं?"

"काका आले होते," मी म्हणाले. "पाइप गळतोय का बघायला."

सेक्रेटरींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं. तोंड उघडलं त्यांनी, पण मग आत गेले आणि दार लावून घेतलं.

संध्याकाळी वडिलांनी मला बरोबर घेऊन बिल्डिंगभर पेढे वाटले, सेक्रेटरींचं एक दार सोडून. ताट माझ्या हातात होतं.