दयाळ पुसट, मंदा स्पष्ट

असले अनुभव मी आजवर वाचले ते दुपारी पडल्या पडल्या, करमणूक म्हणून. कुणाला विहिरीपाशी बाई दिसली, कुणाच्या मागे पावलं वाजली... मी मनात म्हणायचे, यांना पित्त झालं असेल. देवधर्म करते मी, पण झपाटणं, दिसणं, यातलं काही मानत नाही. आजही मानते असं नाही. पण ते तीन फोटो माझ्याकडे आहेत — त्यांचं काय करू?

आधी जागा सांगते. शहाद्याला लागून लोणखेडा, तिथे आमची दोन घरं शेजारी शेजारी, दोघा भावांची. मागचं अंगण एकच, मध्ये गुडघ्याएवढी भिंत. माझ्या बाजूला शेवगा, पलीकडे मंदाचा कडुनिंब. मंदा म्हणजे माझी धाकटी जाऊ. निंबाखाली तिने पाखरांसाठी पाण्याची मातीची कुंडी ठेवली आहे. रोज सकाळी तांब्याने भरते, त्यांच्याशी बोलत बोलत.

फोटोचा नाद आधी मला लागला, हे लिहून ठेवा. मुलाने नवा कॅमेरा घेतला, जुना मला दिला. लांबचं जवळ आणणारी लेन्स आहे त्याला. व्हिडिओ बघून बघून शिकले. फोकसचा ठिपका पाखराच्या डोळ्यावर ठेवायचा, शटर हजारावर, श्वास रोखायचा. हात कापतो म्हणून ज्वारीची छोटी पिशवी भरली, तिच्यावर कॅमेरा टेकवते. इतकं करून काय, तर पाखराच्या पुढची काडी स्पष्ट यायची, नाहीतर मागची भिंत. पाखरू आपलं धुक्यात.

आणि मंदा? साधा मोबाइल. त्यात दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तरी तिच्या फोटोत बुलबुलाच्या चोचीवरचा थेंबसुद्धा मोजून घ्यावा. मी विचारलं, तू करतेस तरी काय. तर म्हणे, "मी काहीच नही करस अक्का. त्या बठतस, मी बटन दाबस."

बाई गं, काय जळले मी. खोटं कशाला सांगू, ह्या वयात. तिला फोटो नीट दिसायचे नाहीत म्हणून ती मलाच आणून दाखवायची — चांगला आला का? एकदा नाचण पाखराचा असा सुरेख फोटो होता, शेपटीचा पंखा पूर्ण उघडलेला. मी म्हटलं, हललाय, काढून टाक. तिने काढून टाकला.

आमचं महिला मंडळ पाडव्यापासूनचं कॅलेंडर छापतं. यंदा विषय ‘आपलं परसदार’. अकरा महिने भरले, त्यात चार मंदाचे. माझा एकही नाही. मे महिना तेवढा रिकामा होता आणि रविवारपर्यंत फोटो द्यायचा होता. त्या कॅलेंडरवर माझं नाव यायला हवं, बस. सगळ्या लोणखेड्याच्या स्वयंपाकघरात ते वर्षभर टांगलेलं असतं. वर्षभर मी तिचं नाव वाचणार होते, निदान एका पानावर माझं असावं.

त्याच आठवड्यात मंदा डोळ्याच्या ऑपरेशनला मुलीकडे सुरतला गेली, भाऊजी सोबत. किल्ली माझ्याकडे देताना एवढंच म्हणाली की कुंडी भरत जा.

मी भरली. पण आधी उचलून भिंतीच्या अलीकडे आणली. माझ्या शेवग्याखाली, माझ्या लेन्ससमोर.

गुरुवारी सकाळी, साडेआठच्या सुमारास, ऊन अगदी हवं तसं तिरपं होतं. बिबडे वाळत घातले होते, त्या खाटेआड आडोशाला साडी बांधून मी बुटक्या मोढ्यावर बसले. बिबडे म्हणजे आमचे ज्वारीचे पापड. दयाळ पक्षी आला. कुंडीच्या काठावर बसला, शेपटी उचलली. ठिपका त्याच्या डोळ्यावर, कॅमेऱ्याने टुक् केलं, मी बटण दाबून धरलं. तीन फोटो निघाले. मागे फक्त भिंत आणि रिकामा निंब होता, दुसरं चिटपाखरू नव्हतं — माझ्या डोळ्याला मोतीबिंदू नाही.

आत जाऊन चष्मा पुसला, पडद्यावर फोटो मोठा केला. दयाळ पुसट. काळापांढरा बोळा नुसता. आणि त्याच्या मागे, भिंतीपलीकडे, जिथून मी कुंडी उचलली होती तिथे, मंदा वाकलेली. हिरव्या फुलांची साडी, पदर खांद्यावरून घसरलेला, हातात तांब्या. बांगड्या मोजता याव्यात इतकी स्पष्ट. तांब्यातून पाण्याची धार जमिनीवर पडते आहे. पुढच्या फोटोत धार थोडी लांब. तिसऱ्यात तांब्या रिकामा.

तुम्हाला वाटेल मी घाबरले. नंतर घाबरले. पण पहिला विचार काय आला सांगू? — मेली माझ्या फोटोतही तीच फोकसमध्ये.

मग यांना हाक मारली. काही न सांगता फोटो पुढे केला. चहा पिता पिता हे म्हणाले, "मंदा कधी आली?" मी किल्ली घेऊन पलीकडे गेले. कुलूप तसंच होतं. निंबाखाली जमीन कोरडी, कुंडीचा गोल डाग तेवढा दिसत होता.

तासाभराने सुरतहून फोन आला. भाऊजी म्हणाले, ऑपरेशन बरं झालं, पट्टी उद्या काढतील, ही आल्यापासून एकच धोशा लावून आहे, तुम्हीच बोला. मंदाचा आवाज झोपेतल्यासारखा होता.

"अक्का, मन्ही कुंडी जागावर शे ना?"

आहे म्हणून ठोकून दिलं, "शे." आणि फोन ठेवल्याबरोबर कुंडी उचलून जागेवर नेली. घाईत निम्मं पाणी माझ्याच लुगड्यावर.

रविवारपर्यंत कॅमेरा हातात घेतला नाही. मे महिन्याला पलीकडच्या गल्लीतल्या एका बाईंचा कैऱ्यांचा फोटो लागला. कैऱ्या हलत नाहीत, त्यांचं काय कौतुक.

मुलाला फोटो पाठवले. तो म्हणाला, जुना फोटो मिसळला असेल. पण मंदाचा फोटो मी ह्या कॅमेऱ्याने कधीच काढलेला नाही — कशाला काढीन? शिवाय शेवग्याखाली आलेली कुंडी त्याच चौकटीत आहे ना. मग तो म्हणाला, बघतो. अजून बघतोच आहे.

मंदा पंधरा दिवसांनी आली. दोन दिवस मी धीर गोळा केला, मग सगळं सांगितलं. कुंडी हलवल्याचं, नाचणचं पण. कॅमेरा तिच्या हातात दिला. मला वाटलं रडेल, नाहीतर दारावर लिंबूमिरची बांधायला सांगेल. ती नव्या डोळ्याने तिन्ही फोटो शांतपणे बघत राहिली. साडी तिचीच, तांब्या तिचाच, ती कुठे होती ते दोघींना ठाऊक. शेवटी माझ्याकडे जराशा रागाने बघून म्हणाली,

"फोटो काढाना व्हता ते सांगनं ना अक्का. पदर तरी नीट लेती मी."

आणि उठून बिबडे उलटवायला गेली. फोटो पुसलेले नाहीत. माझ्या कॅमेऱ्याने इतका स्पष्ट फोटो दुसरा काढलेलाच नाही.