टोपी आणि दोन हात

आमच्या ह्यांना गेम खेळायला आवडत नाही. गेम चालू करायला आवडतं. हा फरक समजायला मला चांगली दोन वर्षं लागली, म्हणून तुम्हाला आधीच सांगून टाकते.

हे शिलाई मशीन दुरुस्त करतात. दुकान म्हणजे आमच्याच घराची पुढची खोली. लांब टेबल, तेलाच्या कुप्या, सुयांचे डबे, दोऱ्यांची रिळं आणि कोपऱ्यात कॉम्प्युटर. गिऱ्हाइकं ह्यांना मशीनकाका म्हणतात. वय बासष्ट, पांढऱ्या मिशा, कपाळावर सरकवलेला चष्मा, जो दिवसातून चारदा घरभर शोधायचा, आणि अंगात गुडघ्यापर्यंत राखाडी कोट. कोटाच्या खिशात कायम स्क्रू-ड्रायव्हर. कोट धुवायला मागितला, तर माझ्याकडे असं बघतात की मी जणू मूत्रपिंड मागितलंय.

सहा वर्षांपूर्वी एका सकाळी त्या कॉम्प्युटरनं स्क्रीनवर पाटी झळकवली, की मी आता म्हातारा झालो, नवीन आवृत्ती मला पेलणार नाही, दुसरा आणा. झालं! ह्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"चालतंय की सगळं! पंखा फिरतोय, बटणं दाबली जातायत, आणि हा मला सांगतो भंगारात टाक? चालत्या मशीनला भंगार म्हणणारा कारागीर नव्हे!"

तेव्हा आमची लेक दुकानात स्टुलावर बसली होती. तिनं सांगितलं की लिनक्स नावाची एक सिस्टीम आहे. कुणा एकाच्या मालकीची नाही, आतलं सगळं कुणीही बघावं, हवं तर बदलावं, आणि जुन्या मशीनवरही चालते.

"म्हणजे झाकण उघडतं?" ह्यांनी विचारलं.

"सगळी झाकणं उघडतात, बाबा."

संपलं. त्या दिवसापासून घरात दुसरी सिस्टीम चालेनाशी झाली. मी शाळेत भूगोल शिकवते. प्रश्नपत्रिका करायला माझा एक साधा लॅपटॉप आहे, सगळं जग वापरतं त्या सिस्टीमचा. त्याला हे 'पाहुणा' म्हणतात. तो स्वयंपाकघरातल्या फळीवर राहतो आणि हे त्याला बोटसुद्धा लावत नाहीत.

आता गेमचं. बहुतेक गेम लिनक्ससाठी बनवलेलेच नसतात. मध्ये एक दुभाष्या बसवावा लागतो, जो गेमचं बोलणं लिनक्सला समजावून सांगतो. दुभाष्याच्याही दहा आवृत्त्या. एकीत आवाज येतो पण चित्र नाही, दुसरीत चित्र येतं पण माणसं उलटी चालतात. हे ह्यांना इतकं आवडायचं म्हणून सांगू! तीन-तीन आठवडे एकेका गेमच्या मागे. मग एक दिवस दुकानातून आरोळी यायची, "चाललं!" मी हातातलं काम टाकून धावत जावं, तोवर ह्यांनी तो गेम बंद केलेला असायचा.

"अहो, खेळा की मग!"

"चाललं ना? मग आता काय खेळायचं त्यात?" आणि पुढचा हट्टी गेम शोधायला लागायचे. कप्पाळ माझं.

लेकीला हे 'उस्ताद' म्हणतात. दहाव्या वर्षी ती डोळ्यांवर रुमाल बांधून मशीनमध्ये दोरा ओवायची. पुढं दुकान तीच सांभाळणार, असं सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. तिला मात्र कुणी विचारलं नव्हतं. गेल्या वर्षी तिला समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात नोकरी लागली. एका दालनात दोनशे मशीनं, आणि सगळ्यांची देखभाल तिच्याकडे. ती निघाली त्या सकाळी हे टेबलाखाली शिरून एका मशीनचं पायडल बसवत होते. ती वाकून म्हणाली, "बाबा, येते." खालून आवाज आला, "हं. नीट जा." माणूस काही बाहेर आला नाही. टॅक्सी गेली तरी नाही. जाताना पोरीनं बापाचे नुसते तळपाय बघितले.

मला इतका राग आला होता की दोन दिवस मी ह्यांच्याशी बोलले नाही.

त्यानंतर फोनवर काय बोलणं व्हायचं? "बरी आहेस?" "बरी आहे." "आईला देतो." मग पोरीनंच डोकं लढवलं आणि ह्यांना होडीचा एक गेम धाडला. दोघांनी दोन गावांतून खेळायचा. एकाच्या हाती सुकाणू, दुसऱ्याच्या हाती वल्ही, दोघं समोरासमोर बसलेले. दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता होडीत यायचं, असं तिनं ठरवलं. आपल्या बापाला वेळ न ठरवता गेम दिला तर तो बंद करून ठेवील, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

नेहमीप्रमाणे तीन आठवडे खटपट झाली. मग आरोळी आली, "चाललं!" मी वह्या तपासायच्या सोडून धावले. स्क्रीनवर नदी होती, होडी होती, आणि समोरच्या फळीवर हवेत तरंगणारी एक पिवळी टोपी. टोपीच्या खाली बऱ्याच अंतरावर वल्ही धरलेले दोन हात. मधे काही नाही.

"हे काय?"

"ती उस्ताद."

"आणि बाकीची उस्ताद कुठंय?"

"दुभाष्याला तेवढं जमत नाहीये. बाकीचं काही अडत नाही. वल्हवते ना?"

आठ महिने हे त्या टोपीबरोबर होडी चालवत होते. कानाला हेडफोन लावून तासभर बोलायचे काय, तर "डावीकडे." "खडक." "थांब." "मार आता." मनातलं एक वाक्य नाही. एकदा मात्र हेडफोन बिघडला होता म्हणून तिचा आवाज मोठ्यानं दुकानभर ऐकू आला.

"बाबा, होडीतला माझा माणूस कसा वाटला ते सांगितलंच नाहीत. मी स्वतः सजवलाय."

ह्यांनी टोपीकडे बघितलं. "छान आहे."

"एवढंच?"

"छान आहे म्हटलं ना. खडक बघ."

मी नंतर फैलावर घेतलं. दिसत नाही तर दिसत नाही म्हणून सांगायला काय झालं? तर म्हणे, "म्हणजे ती म्हणणार, आईचा लॅपटॉप घ्या. सहा वर्षांनी शेपूट घालू?"

असं चाललं असताना एका गुरुवारी लेकीचा मला फोन आला. कारखान्यानं आणखी तीन वर्षं राहा म्हणून विचारलं होतं. सोमवारी सही करायची होती.

"रविवारी होडीत बाबांना विचारणार आहे. नको म्हणाले तर परत येते. आणि आलेच नाहीत, तर अजून राग गेला नाही असं समजेन. तसं असेल तर मला नाही राहवणार इथं तीन वर्षं, आई."

"अगं, फोनवर विचार की!"

"फोनवर ते तुला देतात."

मी ह्यांना एवढंच सांगितलं की तिला काहीतरी महत्त्वाचं विचारायचंय, रविवारी पाचला चुकवू नका. ह्यांचा चेहरा उतरला. "काय विचारायचंय?" असं तीन दिवसांत चौदा वेळा विचारून झालं.

रविवारी दुपारीच आंघोळ-बिंघोळ करून, मिशा विंचरून स्वारी दुकानात हजर. तीन वाजले होते. आणि मग ह्यांनी जे केलं, ते जगात फक्त ह्यांची जातकुळीच करू जाणे.

"आज महत्त्वाचा दिवस," हे म्हणाले. "सगळी सिस्टीम अपडेट करून घेतलेली बरी."

"अहो, चालतंय ना? हात लावू नका!"

"पाच मिनिटांचं काम."

पाच मिनिटांनी स्क्रीन काळी झाली आणि तिच्यावर पांढरी अक्षरं सरसर धावायला लागली. साडेतीनपर्यंत हे खुशीत होते, शीळसुद्धा घालत होते. चारला चित्र आलं, पण गेम उघडला की लगेच मिटायचा. सव्वाचारला जुनी आवृत्ती परत आणायला घेतली, तर तिला दोन तास लागतील असं कळलं. साडेचारला चष्मा हरवला. मी तो ह्यांच्या कपाळावरून काढून नाकावर ठेवला.

मी स्वयंपाकघरात गेले आणि पाहुण्याला घेऊन आले. तेलाच्या कुप्या सरकवून टेबलावर ठेवला.

"गेम आहे ह्याच्यावर. शुक्रवारीच घालून ठेवलाय."

तीस वर्षं शाळेत काढलीत मी. कुठलं पोर ऐन परीक्षेच्या दिवशी पेन विसरणार, हे मला आठवडाभर आधी कळतं. गेम चालू व्हायला चहा उकळायला लागतो तेवढासुद्धा वेळ लागला नव्हता. हे मात्र मी ह्यांना अजून सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

"ह्याच्यावर? मी?" हे म्हणाले. "तिला फोन कर. म्हणावं, पुढच्या रविवारी."

माझा तोल सुटला. "तेव्हा टेबलाखाली लपलात, आज टेबलावर लपताय! पोरीला तीन वर्षं तिकडे राहायचंय. तुम्ही आला नाहीत तर ती समजणार की बाप रागावलाय, आणि सगळं सोडून परत येणार. हेच हवं असेल तर बसा अपडेट करत!"

भिंतीवरच्या घड्याळात पाचला सहा मिनिटं कमी होती. ह्यांनी दोन्ही हात कोटाला पुसले, मग पुन्हा पुसले, खिशातून गेमच्या पासवर्डची चिठ्ठी काढली आणि पाहुण्यापुढे बसले.

नदी आली. इथं पाण्याला हिरवा रंग होता, झाडांना पानं होती. "उगाच भडक," हे पुटपुटले. मग होडी आली, पिवळी टोपी आली, आणि टोपीखाली एक चेहरा आला.

पांढऱ्या मिशा. कपाळावर सरकवलेला चष्मा. गुडघ्यापर्यंत राखाडी कोट. आणि कोटाच्या खिशातून डोकावणारं एक गाजर.

ह्यांनी सुकाणू सोडून चष्मा नाकावर घट्ट दाबला.

"बाबा? आलात?" लेकीचा आवाज आला. "ऐकू येतंय का? बाबा, खडक! अहो, खडक!"

होडी धाडकन आपटली. आठ महिन्यांत पहिल्यांदा.

"उस्ताद," हे म्हणाले, "खिशात गाजर का गं?"

"स्क्रू-ड्रायव्हर नव्हता ना गेमवाल्यांकडे. त्यातल्या त्यात गाजरच लांब होतं." मग तिच्या लक्षात आलं. "आता विचारताय होय? आठ महिने झाले!"

"मला आज दिसलं."

"म्हणजे?"

"माझ्या मशीनवर तू दिसतच नव्हतीस. नुसती टोपी आणि दोन हात."

"आठ महिने तुम्ही एका टोपीबरोबर होडी चालवत होता?"

"हात चांगले चालत होते," हे म्हणाले.

ती हसली. खूप हसली, आणि हसता हसता तिचा आवाज भिजला. "मला वाटलं, तुम्ही बघितलंत आणि आवडलं नाही. नुसतं छान म्हणालात."

"वेडी आहेस." ह्यांनी नाक ओढलं. "आणि राग नव्हता गं. त्या दिवशी पायडल केव्हाच बसलं होतं. मला रडू आलं होतं, म्हणून बाहेर आलो नाही. तुझ्याशिवाय दुकानात करमत नाही मला, एवढंच."

इतकी वर्षं एका घरात राहतेय, पण हे मला माहीत नव्हतं. मी दाराला टेकून उभी राहिले आणि पदर डोळ्यांना लावला.

"मग... सही करू, बाबा?"

ह्यांनी कोपऱ्यातल्या स्टुलाकडे बघितलं. "कर. स्टूल कुठं जात नाही. तीन वर्षांनी ये, नाहीतर दहा वर्षांनी ये. फक्त तिकडची मशीनं झाकण उघडू देतात ना, तेवढं सही करायच्या आधी विचार."

सोमवारी तिनं सही केली. त्याच दिवशी ह्यांनी लिनक्सवाली मंडळी इंटरनेटवर जिथं एकमेकांना मदत करतात तिथं प्रश्न टाकला, की समोरच्या माणसाचा चेहरा दिसत नाही, काय करू? आठ महिने हाच प्रश्न विचारायला लाज वाटत होती. बुधवारी कुठल्याशा देशातल्या कुणा अनोळखी माणसानं एका ओळीचा उपाय लिहून पाठवला. रविवारी पाच वाजता दुकानातून आरोळी आली, "चाललं!"

मी गेले. पाहुणा फळीवर परत गेला होता. ह्यांच्या स्वतःच्या मशीनवर लेक समोर बसली होती, मिशांसकट. आता आपल्या सिस्टीमची फुशारकी मारणार म्हणून मी तयारीतच उभी राहिले.

"बघ," स्क्रीनवर बोट ठेवून हे म्हणाले. "कोटाचं दुसरं बटण तुटलंय. तेसुद्धा केलंय तिनं."

मी ह्यांच्या अंगातल्या कोटाकडे बघितलं. खरंच, दुसरं बटण नव्हतं. भोवती दहा शिलाई मशीनं, आणि मालकाच्या कोटाला बटण नाही! मला शरमल्यासारखं झालं. डब्यातून सुई-दोरा काढून मी जवळ गेले, तर ह्यांनी हात आडवा धरला.

"राहू दे," म्हणाले. "तिच्याशी जुळायला पाहिजे."