तापलेली ट्यूब

हे आजवर मी कुणालाच बोललो न्हाई. बायकोला न्हाई, देवापुढं सुद्धा न्हाई. तुम्हाला का सांगून राह्यलो — माझं मला ठाऊक न्हाई. जीव गुदमरतोय, एवढंच.

माझ्या थोरल्या भावाला, दादाला, शुगर. टाचेला खिळा लागला आन् जखम भरेचना. डॉक्टरांनी समजावलं होतं — जखम झाली की अंगातली काही प्रथिनं आजूबाजूच्या पेशींना निरोप धाडतात, या, वाढा, खड्डा भरा. शुगरवाल्याच्या जखमेत तो निरोपच धड पोचत न्हाई. म्हणून तसलंच प्रथिन घातलेलं जेल लिहून दिलं. आन् बजावलं, थंड ठेवा. तापलं की प्रथिन मेलं, मंग नुसता चिकट लगदा.

हे कळायला मला डॉक्टर कशाला हवा होता? जालन्याच्या एमआयडीसीत बियाणं तपासण्यात माझी उमर गेली. उन्हात पडलेलं बी वरून ठणठणीत दिसतं आन् उगवत न्हाई — हे मीच कामावरच्या पोरांना ओरडून सांगतो!

मे महिना होता. जेलची ट्यूब जालन्याच्या दुकानातून मीच आणली, बर्फाच्या पाकिटासकट गाडीच्या डिक्कीत ठेवली. वाटेत कंपनीत थांबलो. त्याच डिक्कीत बियाण्याचे नमुने होते. ते काढले, जल्दी जल्दी थंड खोलीत नेऊन ठेवले. आन् ट्यूब? ती तिथंच, उन्हात. संध्याकाळी हात घातला तर चटका बसला.

दुसरी आणता आली असती. दुकान उघडं होतं. पण दादाला काय सांगू — कंपनीचं बी जपलं आन् तुझा पाय विसरलो? भ्यालो हो. अंबडला घरी आलो, ट्यूब गुपचूप फ्रिजमध्ये ठेवली. थंड झाली. कुणाला काय कळणार?

वहिनी रोज हात धुऊन, जीव लावून ते जेल लावायच्या. मंग मला बोलवायच्या — भावजी, बघा बरं, कड लाल दिसतीय ना, भरतीय ना? मी म्हणायचो, बराबर भरतीय.

न्हाई भरली. काळी पडली. डॉक्टरांनी विचारलं, पथ्य पाळता का? दादा भडकला, म्हणाला हीच मला गोड खाऊ घालती. तेव्हा तरी तोंड उघडायचं की न्हाई मी? उघडलं ना! काय बोललो — कसं सांगू — म्हणालो, "वहिनी, वटपौर्णिमेला पुरणाची पोळी दिल्ती ना तुम्ही त्याला?"

अर्धी पोळी. ती पण त्यानंच हट्टानं मागितलेली. वहिनींनी माझ्याकडं पाहिलं आन् मान खाली घातली.

दादाचा पाय गुडघ्याखालून काढला. ट्यूब चांगली असती तर वाचला असता? काय की. पण वहिनींचं नाव तर खराब झालं नसतं. ते मी केलं, शुद्धीत, डॉक्टरसमोर.

आता दादा त्यांच्या हातचं काही सुखानं घेत न्हाई. चहा आणला की वहिनी आधी स्वतः एक घोट पितात, बिनसाखरेचा आहे म्हणून दाखवायला. मंग कप त्याच्या हातात देतात. कालही दिला. मंग माझा आणला, दोन चमचे साखर घालून, मला आवडतो तसा. मी पिलो.